तार लागाच्या आधी

बादल राठोडचं काम असं होतं का कोणी इचाराच्या आधी उत्तर लिहून ठेवाचं.

नव्या मशीनमंधी, म्हणजे कम्प्युटरमंधी, लिनक्स टाकाचं म्हटलं का ती पयले माणसाचं डोकं खाते. भाषा कोणती? घड्याळ कुठचं लावू? आधीचं जे आहे ते पुसू काय? मालकाचं नाव काय? बाहेर जाचं त कोणत्या दारातून जाऊ? समोर बसून एकेकाचं उत्तर देत राह्यलं त एका मशीनमागं अर्धा दिवस जाते. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत अमरच्या दुकानात अशा मशीनी टेम्पोनं येत. म्हणून बादल सगळी उत्तरं एका फायलीत आधीच लिहून ठेवे. फाईल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह मशीनच्या ढुंगणात, अन् बादल चहा प्याले मोकळा. मशीन आपलीच इचारे, आपलीच वाचे, अन् चहा संपेपर्यंत तयार होऊन बसे.

या कामानं त्याले खोडच लागली होती. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे. बोरी अरबच्या अलीकडं माह्या वावराच्या धुऱ्याले, म्हणजे बांधाले, लागूनच त्याचा बंजाऱ्याइचा तांडा. रविवारी घरी आला का धुऱ्यावर भेटे. मी तोंड उघडलं का हा सुरू.

"बरा हाओ काका, जेवन झालं, उद्या पयल्या गाडीनं जातो."

"अबे, मी बैल पाह्यला काय म्हनून इचारनार होतो."

"नाई पाह्यला."

असा गडी. दारव्ह्याले आयटीआय केलं, बोरीच्या बाजारात मोबाईल उघडून बसत होता, तिथून अमरनं उचलला. अमर त्याच्यापेक्षा दोनतीन वर्सानं मोठा असन, पण मालक म्हणून अमरभाऊ. माणूस वाईट नोहता, घाईचा होता.

आता त्या दाराची गोष्ट सांगाच लागते, कारण पुढचं सगळं तिथंच अडकलं. मशीनले बाहेरच्या जगाशी बोलाले दारं असतात. एक तारेचं, एक बिनतारेचं, कोण्या मशीनले तारेचीच दोन. कंपनी बदलली का दाराचं नाव बदलते, आतली पट्टी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत गेली तरी बदलते. नाव लिहून देलं अन् मशीनले त्या नावाचं दार सापडलं नाही, त ती आंधळ्यासारखी उभी राह्यते. म्हणून बादलनं फायलीत नावच लिहिलं नाही. लिहिलं असं का, ज्या दारात तार लागली असन ते तुह्यं दार.

अन् दुसरी एक चिठ्ठी असे. मशीन गावात पोचून पयल्यांदा चालू झाली का वाचाची अन् मंग कधीच नाही. तिच्यात कामं लिहिलेली. तारेचं दार शोध. पत्ता घे. पुण्याच्या मोठ्या मशीनले आपलं नाव सांग, तिकडून किल्ली घे. बादल ज्या खात्यातून आत शिरला होता त्या खात्याले कुलूप लाव, म्हणजे गावातलं कोणी आत घुसाले नको. शेवटी ही चिठ्ठी फाडून टाक.

पयले त्यानं लिहिलतं का पुण्याचा जबाब येईपर्यंत वाट पाहाची, मंगच पुढं जाचं. एक दिवस अमरनं तपासाले म्हणून एक मशीन बिगर तारेची चालू केली. काळा पडदा. अमरचं एका फोनवर बोलून झालं, दुसऱ्यावर झालं, पडदा काळाच.

"बादल, हे मशीन होय का म्हैस बे? डबऱ्यात बसली त उठूनच नाई राह्यली."

"तार नाई लावली ना अमरभाऊ तुम्ही."

"लोकं बी नाई लावत. मंग काळं पाह्यलं का फोन कोनाले? मले. थोडी वाट पाह्य म्हना तिले, नाई भेटलं त पुढं जाय."

बादलनं तसं करून देलं. थोडी वाट, नाही जमलं त पुढचं काम. पुढचं काम म्हणजे कुलूप, अन् त्याच्या पुढचं चिठ्ठी फाडणं. त्या दोन ओळी आधी होत्या तशाच राह्यल्या. तार लावल्याबिगर मशीन कोणी चालू करणारच नाही, तसं सांगून ठेवू, हे त्याच्या डोक्यात. उत्तर तयार होतं, मंग प्रश्नाकडं कोण पाह्यते.

ह्या मशीनी पुण्याच्या एका संस्थेच्या होत्या. गावोगाव, तांडोतांडी अभ्यासकेंद्र काढाचं, एक काळा डबा, एक पडदा, अन् त्याच गावची एक बाई सांभाळाले. बादलनं अमरच्या मागं लागून आपल्या तांड्याचं नाव त्यात घुसवलं. ते काही समाजसेवा म्हणून नाही. बहिणीसाठी.

राखी त्याची धाकटी. तिकडं दिग्रसच्या अंगाले देली होती. नवऱ्यानं समोरचा दात पाडला, तवापासून हसताना पदर तोंडावर घेई. मंग हसणंच कमी केलं. उन्हाळ्यात एक पिशवी घेऊन आली अन् परत जात नाही म्हणाली. दोन्ही तांड्याचे नायक, चार जाणते, लिंबाखाली बसले. दिवसभर बसले, चहा झाला, बोकड झाला. ठरलं असं का पोरगी दिवाळीपर्यंत बापाकडं राहो. इथं तिचं पोट भराचं साधन झालं त मोकळी. नाही झालं त सासरचे येतीन अन् ती मुकाट जाईन. तिचा बाप भावसिंग हाव म्हणाला. राखीले कोणी इचारलं नाही.

बादल म्हणे, "बा, म्या पोसतो ना तिले."

भावसिंगनं बिडी झटकली. "तू पोसशीन. तुह्यं लगन कोन करीन? घरात परत आलेली बहीन आहे ऐकून दोन जागचे उठून गेले, तुले मालूम नाई काय? पोट भरलं का भागते असं समजतं तू."

याडी, म्हणजे त्याइची माय बसंतीबाई, चुलीपुढं बसून होती. तिले या बाबतीत बोलाची सवय नोहती.

राखी यवतमाळले संस्थेच्या शिकवणीले गेली. परत आली त गळ्यात पट्टा, पट्ट्याले ओळखपत्र, त्याच्यावर फोटो अन् खाली केंद्रसेविका. घरात शिरल्यावर पट्टा काढून तिनं सेवालाल महाराजाच्या फोटोच्या खिळ्याले लटकवला. पण शिकवणीत त्याइनं साफ सांगतलं होतं, नेमणूक कागदावर तवाच, जवा डबा आपल्या तोंडानं पुण्याशी बोलन. हजेरी, अभ्यास, पगार, सगळं त्या बोलण्यावर. अन् डबे आपले आपण बोलले पाह्यजे. गावोगाव माणूस पाठवाले लागू नये, याच्याच पायी त्याइनं ही अशी मशीन घेतली होती. दसरा झाल्यावर एक तारीख ठरली, तोपर्यंत किती डबे बोलतात ते पाहून जिल्हा ठेवाचा का सोडाचा, असं.

डबे दसऱ्याच्या आधी गावात पोचले. तार मागून येणार होती, खांब्यावरून, दुसऱ्या ठेकेदाराची. बादलनं हरेक डब्यावर कागद चिकटवला, तार लावल्याशिवाय चालू करू नये. तांड्यातला डबा त्यानं स्वतः आणला, मंदिराच्या बाजूच्या खोलीत टेबलावर ठेवला.

"तार आली का खोस, अन् बटन दाब. झालं," म्हणे.

"मले काईच नाई कराचं?"

"काईच नाई. सगळं लिहून ठेवलं आहे."

"मंग पगार कायचा घेऊ मी?" राखी म्हणाली. पदर तोंडावर गेला.

*

दसऱ्याले आमच्याकडं ज्याच्यावर पोट आहे ते धुवून पुजतात. आऊत, विळा, फवाऱ्याचा पंप, न्हाव्याची कैची, दर्ज्याची मशीन, ट्रॅक्टर. अन् पुजाचं त चालू करून पुजाचं. मोटरचं बटन दाबतात, ती पाण्याची एक गुळणी टाकते, मंग कुंकू. ट्रॅक्टरले एक घरघर देतात. शिलाई मशीनवर चिंधी ठेवून दोन टाके मारतात. बंद पडलेल्या वस्तूले कुंकू लावणं म्हणजे मड्याले लावल्यासारखं, असं आमची बुढी म्हणे. हे कोणी शिकवत नाही. कोण्या कागदावर लिहिलेलं नसते. त्यासाठी घरोघर सांगाले जावं लागत नाही.

लोहाऱ्यात अमरच्या दुकानातबी त्या दिवशी सगळ्या मशीनी चालू केल्या. बादलनंच केल्या. एकेकीले हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडलं, पाणी मशीनवर उडू नये म्हणून दाराबाहेर फोडलं. तिथं सगळ्याइले तारा लागलेल्या होत्या. पेढा खाऊन त्यानं घरी फोन लावला, दसऱ्याच्या पाया पडतो म्हणाला, अन् ठेवून देला. त्याच घटकेले पंचवीसतीस गावाईत काय चालू होतं, हे त्याच्या मनाले शिवलं नाही. त्या मातीतलाच पोट्टा, पण नाही शिवलं.

मंग तारवाले आले. गावोगाव तार खोसली, हिरवा दिवा लागला, अन् पुण्याले कोणीच दिसेना. एखाददुसरा डबा बोलला, बाकी मुके. दुकानात फोनवर फोन. अमरले वाटलं तारवाल्यानं घोळ घातला, त्याले शिव्या देल्या. तार चांगली होती.

बादलनं मंग एकेका गावाले फोन लावला. पयला दारव्ह्याच्या पलीकडं, शीलाताई म्हणून केंद्रसेविका होती.

"ताई, तार लागाच्या आधी मशीन चालू केलती काय?"

"नाई जी. कायले करू? तुमचा कागद चिकटवेल आहे ना वर."

"एकदाबी नाई?"

"एकदाबी नाई. दसऱ्याले पुजेपुरती केली तेवढी."

बादलनं फोन दुसऱ्या कानाले लावला.

"ते का चालू करनं होय काय भाऊ? कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, बंद केली. कोनाले हात नाई लावू देला."

दुसऱ्या गावाले लावला, तेच. तिसऱ्याले एक बुढा बोलला, म्हणे चालू कोण करते, आमी का अडानी हाओ, फक्त पुजा केली. चौथ्याले बादलनं इचारलंच नाही. म्हणाला, "दसऱ्याची पुजा चांगली झाली ना?" तिकडून हाव म्हणाले, लय चांगली झाली. त्यानं फोन ठेवला.

कोणी खोटं बोलत नोहतं. त्याइच्या हिशोबात ते चालू करणं नोहतंच. पण मशीनच्या हिशोबात ते पयलं चालू होणं होतं. उठली, चिठ्ठी वाचली, तारेचं दार शोधलं, एकाही दारात तार नाही. थोडी वाट पाह्यली. पुढं गेली. खात्याले कुलूप लावलं, चिठ्ठी फाडली, अन् कपाळाले कुंकू लावून निजली. आता तार लावा का दोर बांधा, पुण्याले नाव सांगाचं आहे हे तिले सांगणारी चिठ्ठीच नाही. अन् बाहेरून आत जाचं म्हटलं त बादलच्याच कुलुपानं बंद.

शेवटी त्यानं घरी फोन लावला. याडीनं उचलला.

"याडी, दसऱ्याले खोलीतला डबा पुजला काय?"

"मंग! राखीनंच बटन दाबलं. सगळा तांडा आलता पाहाले. निळा निळा उजेड पडला बापू, तोंडावर. नायकाच्या बायकोनं राखीले कुंकू लावलं. तिले. कितीक दिवसानं लावलं कोनी."

बादल म्हणे, बरं केलं.

अमरले त्यानं सगळं उलगडून सांगतलं. अमरनं ऐकलं. कपाळाचा घाम पुसला.

"ते कुलूपवाली ओळ कोनं लिहिली?"

"म्या."

"अन् वाट पाहू नको कोन म्हने?"

"तुम्ही."

"हाव," अमर म्हणाला. मंग त्यानं टेबलावरचं झेंडूचं सुकलं फूल उचलून बाहेर टाकलं.

अमरनं पुण्याले फोन लावला. हातापाया पडला म्हटलं तरी चालन. म्हणे, गावोगाव माणूस पाठवतो, पेनड्राइव्ह लावून परत उठवतो, थोडी मुदत द्या. तिकडची बाई गोड बोलणारी होती. म्हणाली, माणूस पाठवावा लागू नये, हेच त आम्हाले पाहाचं होतं. तरी वर इचारून सांगतो म्हणे.

बादल थांबला नाही. त्या डबड्याले बाहेरून पेनड्राइव्ह लावून पुरं पुसून नव्यानं उभं करता येत होतं. जिल्ह्याचं नाही त एका तांड्याचं त करू, असं त्याच्या मनात. त्यानं चिठ्ठीतली ती ओळ बदलली, जबाब आल्याबिगर हलाचं नाही, अन् गाडीले किक मारली.

*

दुपार होती. मी धुऱ्यावरून पाह्यलं, गाडी तांड्याकडं गेली, त्यानं हात केला नाही. म्हणून मीबी मागून गेलो.

खोलीत राखी होती. तिनं टेबल पुसलेलं, खिडकीले जुन्या लुगड्याचा पडदा लावलेला. डब्याच्या कपाळावर कुंकू वाळून काळं पडलं होतं, ते तिनं पुसलं नोहतं. बादलनं पेनड्राइव्ह खोसला. पडद्यावर ओळी पळाले लागल्या.

"आता काय करून राह्यला?" राखीनं इचारलं.

"परत बसवतो."

"बिघडला काय?"

"बिघडला नाई."

"मंग परत कायले?"

बादलनं मंग सांगतलं. म्या तुम्हाले सांगतलं तसंच, दार, चिठ्ठी, कुलूप. राखी उभीच होती. ऐकून झाल्यावर तिनं आपला हात पाह्यला, उजवा, जसं त्याले काही लागलेलं असावं.

"म्हंजे माह्या हातानं झालं."

"नाई. तू दाबलं नसतं त दुसऱ्या कोनी दाबलं असतं. सगळ्या गावाईत झालं. माह्या लिहिन्यानं झालं."

"मंग तू असं काहून लिहिलं?"

बादलजवळ उत्तर नोहतं. म्या त्या पोट्ट्याले पाळण्यापासून पाह्यलं, इचारलं अन् तो बोलला नाही असं मले आठवत नाही.

डबा परत उठला. चिठ्ठी वाचली. तारेचं दार सापडलं, हिरवा दिवा डोळे मिचकवाले लागला, पत्ता भेटला. सगळं जसं पयल्याच दिवशी व्हाले पाह्यजे होतं तसं, एकही चूक नाही. मंग पडद्यावर आलं, पुण्याच्या जबाबाची वाट पाहत आहे. त्याच्यापुढं टिंब. एक टिंब, मंग दुसरं टिंब.

राखीनं ते मोठ्यानं वाचलं. शिकवणीत वाचाले शिकवलं होतं तसं, शब्द तोडून तोडून.

तेवढ्यात बादलचा फोन वाजला. अमर होता. बादल हाव हाव म्हणत राह्यला. ठेवला.

"काय म्हने?" मी इचारलं.

"जिल्हाच सोडला म्हने त्याइनं. तिकडचं यंत्र आपल्या गावाईसाठी बंद केलं. डबे उचलाले जीप येईन."

टिंबं चालूच होती. एका ओळीत मावली नाही त दुसऱ्या ओळीत गेली. बादलनं बटनाकडं हात नेला, बंद कराले.

राखी म्हणाली, "राहू दे. पाहू दे वाट तिले."

मंग तिनं खिडकीचा पडदा सोडून घेतला, घडी घातली, अन् काखेत घालून घरी गेली. भावसिंग बाहेर बाजेवर बसून होता. तिच्या काखेतला पडदा पाहून त्याले समजलं. बिडी शिलगावली. म्हणे, "सांगून देतो त्याइले, दिवाळी झाल्यावर या म्हनून."

जीप दिवाळीच्या आधीच आली. डब्याचं थर्माकोल राखीनंच सांभाळून ठेवलं होतं, तिनंच भरून देलं. जीपवाल्यानं कुंकू नखानं खरडून पाह्यलं, निघालं नाही, डबा तसाच टाकला मागं. तार मात्र त्याइची नोहती, ती भिंतीले लोंबत राह्यली. गळ्यातला पट्टा परत मागाले कोणी आलं नाही.

सासरचे आले, जेवले. दीर अन् चुलतसासरा. नवरा आला नाही, त्याले काम होतं म्हणे. बोरीच्या स्टँडवर पोचवाले बादल गेला, मलेबी बाजारात जाचं होतं. यष्टी याची होती. दीर पुडी सोडून तंबाखूचा खर्रा खात होता. राखी तीच पिशवी घेऊन आली तशी उभी होती.

गाडी आली. बादल म्हणाला, "पोचली का फोन करजो."

"तार लागेल असन त करीन," राखी म्हणाली. पदर तोंडावर नेला नाही. त्या पडलेल्या दाताची खिडकी मी त्या दिवशी पुरी पाह्यली.

बादल लोहाऱ्यातच आहे. अमरनं काढलं नाही, काढून दुसरा कुठून आणन. आता त्याच्या मशीनी जबाब आल्याबिगर हालतच नाहीत, चिठ्ठी फाडत नाहीत, कुलूप लावत नाहीत. अमरनं मना केलं नाही. गिऱ्हाइकाचे फोन येतात, काळा पडदा, काळा पडदा, म्हणून. अमर त्याइले म्हणते, वाट पाहा.

मागच्या रविवारी धुऱ्यावर भेटला. मी म्हटलं, "राखीचा..."

"नाई लागला," म्हणे. "बंद आहे म्हनते तिकडून."

अन् माह्यासमोरच त्यानं परत लावला. कानाले धरून उभा राह्यला. माह्या बैलानं कपाशीच्या पऱ्हाटीत तोंड घातलं म्हणून मी तिकडं धावलो. परत आलो तवाबी फोन कानालेच होता.